मामांनी सोडलेली घरं

माझे सासरे दावीदमामा चिडले की डोक्याचा पटका सोडायचे, झटकायचे आणि सावकाश पुन्हा बांधायला घ्यायचे. समोरचा कितीही तावातावानं बोलत असो, शेवटचा वेढा बसेपर्यंत हे गप्प. तोवर समोरच्याचाच दम संपायचा. केजच्या बाजारात काही टवाळ लोक ही गंमत बघायला त्यांना मुद्दाम डिवचत.

तेव्हा निजामाचा अंमल होता. गावाला दोरखंडं वळून द्यायचा हक्क आमच्या घराण्याकडे होता. त्या बदल्यात शेतकऱ्यांच्या खळ्यावरून जोंधळा मिळे. या शेतकऱ्यांची निम्मी घरं मामांच्या वाट्याला, निम्मी त्यांच्या धाकट्या भावाच्या, सखारामकाकांच्या. मामांनी बाप्तिस्मा घेतला आणि काकांनी सगळीच घरं ओढून घेतली. "देव सोडलास, आता घरं बी सोड," एवढंच म्हणाले.

पाद्रीसाहेब तहसीलदाराकडे फिर्याद करायला तयार होते. मामा म्हणाले, "सायेब, फिर्यादीनं घरं मिळतेल. भाऊ कोण देईल?"

सासूबाई मात्र भडकल्या. कणगीचा तळ दिसत होता आणि मामा परळीच्या वाटेवर खडी फोडायला जात होते. "तुमची शांती काय भाकरीवर घिऊन खाऊ?" त्यांचं तरी काय चुकत होतं?

पोळ्याच्या आधीच्या रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन होतं, येशूच्या आठवणीत सगळ्यांनी एका भाकरीतला घास घ्यायचा. भाकर फिरू लागली तसे मामा उठून बाहेर गेले. मी मागोमाग गेले. म्हणाले, "सखारामच्या मनात माज्याबद्दल अढी हाय, पोरी. मी कोणत्या तोंडानं घास घेऊ?"

तसेच ते काकांच्या अंगणात गेले. तिथं पोळ्यासाठी बैलांचे नवे दोर वळायचं काम चाललं होतं. दोर वळायला दोन टोकांना दोन माणसं लागतात. एकानं पीळ द्यायचा, दुसऱ्यानं ताण धरायचा. इतकी वर्षं ते दुसरं टोक मामांकडे असे. आता काकू ते धरून बसल्या होत्या, तळहात सोलून निघाले होते. मामांनी टोक त्यांच्याकडून घेतलं.

"हिस्सा मागाया आलास?" काका ओरडले.

"न्हाई. वळाया आलो."

दिवस मावळेपर्यंत दोघे वळत होते. पुढे दर पोळ्याला मामा दोर वळायला जात राहिले. घरं काही परत आली नाहीत. सासूबाई धुसफुसत राहिल्या, आणि खरं सांगते, मलाही मामांचा रागच यायचा.

तापानं मामा गेले. कबरीच्या खड्ड्याभोवती आम्ही सगळे जमलो. काका मात्र बाभळीच्या कुंपणाबाहेर उभे होते, आत यायला धजत नव्हते. सासूबाईंनी त्यांना पाहिलं. जन्मभर गेलेल्या घरांसाठी जळलेली ती बाई. आता काय बोलते कोण जाणे.

त्या कुंपणापाशी गेल्या. "भावजी, भाईर कावून उभे? आत या. पयली माती तुमी द्या."

माझ्या नवऱ्यानं हातातली माती काकांच्या ओंजळीत दिली. काका तिथंच खाली बसले आणि लहान पोरासारखे रडले. सासूबाई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.