नवसाचे रोडगे

गेल्या शनिवारी तिवश्याजवळ एका शेतात रोडगे खायला गेलो होतो. तेव्हापासून एक गोष्ट मनात सलतेय... लिहून टाकते.

आम्ही अमरावतीत राहतो. नवरा नांदगाव पेठला कापडाच्या कारखान्यात आहे, मी घरी ट्यूशन घेते, आणि आमची रूथ तिसरीत. शेजारी रंजनाताई आणि त्यांचे मिस्टर बाळूभाऊ. तिवश्याकडे त्यांची शेती आणि संत्र्याची बाग आहे.

आम्ही ख्रिस्ती. आमच्या प्रार्थनेच्या ग्रुपमध्ये ठरलं की प्रत्येकाने निदान एका कुटुंबापुढे साक्ष द्यायची, म्हणजे प्रभूने आपल्यासाठी काय केलं ते सांगायचं. मी लगेच रंजनाताईंना धरलं. त्यांच्याकडे पहाटे भजन, शनिवारचा उपास, देवघरात निवांत पूजा... एवढी भक्ती आयती तयार आहे, फक्त पत्ता चुकलाय, असं माझं मत. कित्येक महिने रोज संध्याकाळी मी त्यांचं नाव घेऊन प्रार्थना करत होते की प्रभू, यांचे डोळे उघड.

त्यामुळे शेतातल्या मारोतीला रोडगे आहेत, रूथला घेऊन याच, असं त्या म्हणाल्या तेव्हा मला वाटलं, संधी आपणहून दारात आली.

वऱ्हाडाबाहेरच्यांसाठी सांगते. रोडगे म्हणजे कणकेचे जाड गोळे, गोवऱ्यांच्या आरात, म्हणजे निखाऱ्यांत, भाजायचे आणि तूप ओतून वरण आणि वांग्याच्या भाजीसोबत खायचे. नवस फेडायचा असला की इकडे देवाला रोडगे करतात. हा नवस कशाचा, ते मी विचारलंच नाही... मला माझंच बोलायचं होतं ना.

रोडगे आरात होते, बायका संत्र्याच्या सावलीत वांगी चिरत बसल्या होत्या. मी विषय काढला. गेल्या पावसाळ्यात रूथला डेंग्यू झाला, प्लेटलेट्स घसरत गेल्या, ती आयसीयूत होती, डॉक्टरही धड काही सांगेनात... सगळं सांगितलं. बोलायला मी कमी नाहीच. शेवटी म्हणाले, त्या दिवसांत आम्हाला प्रभूशिवाय कोणी नव्हतं.

दवाखान्यात दोन्ही वेळचा डबा रंजनाताईंकडून येत होता. बोलताना मला ते आठवलंसुद्धा नाही.

त्यांनी मात्र डोक्यावर पदर घेऊन, हात जोडून सगळं ऐकलं. मी मनातल्या मनात खूश... म्हटलं, बी रुजलं.

मग मारोतीला नैवेद्य दाखवला आणि पंगत बसली. आम्ही नैवेद्याचं खात नाही. माझ्या माहेरापासूनची ती सवय आहे. मी हळूच रंजनाताईंना म्हणाले की आम्हाला राहू द्या, घरी जाऊन जेवू. हळूच म्हटलं खरं, पण अख्ख्या पंगतीला ऐकू गेलं.

त्या आत झोपडीत गेल्या आणि झाकलेला एक डबा घेऊन आल्या. म्हणाल्या, "हे निवदाच्या आधीच काढून ठेवलं होतं, ताई. तुमाले चालत नाही, मले मालूम आहे नं."

मी डबा हातात घेतला. तेवढ्यात वाढता वाढता बाळूभाऊ बोलले. आमच्या इकडचा माणूस, आडपडदा नाही.

"वयनी, हे रोडगे तुमच्या रूथचेच आहेत. पोरगी दवाखान्यात होती तवा ही नवस बोलली होती मारोतीले."

रंजनाताई त्यांच्यावर चिडल्याच. सांगायची काय गरज होती, असं काहीतरी पुटपुटल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तुमी नका खाऊ, काही होत नाही. निस्ती पोरगी इथं चालली, खेळली, मारोतीनं पायलं... झालं."

रूथ तिकडे मारोतीच्या ओट्याभोवती इतर पोरांबरोबर धावत होती.

खरं सांगते, मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. आमच्यासाठी कोणी नव्हतं, असं मी ज्या बाईला तोंडावर सांगितलं, तिने माझ्या लेकीसाठी तिच्या देवाकडे पदर पसरला होता. आणि वर माझा धर्म बाटू नये म्हणून जेवणही वेगळं काढलं होतं. माझ्या श्रद्धेची तिला जेवढी काळजी, तेवढी मी तिच्या श्रद्धेची एक दिवस तरी केली का... मी तर तिची चूक दुरुस्त करायला निघाले होते.

मी डब्यातलं खाल्लं की पंगतीतलं, ते इथे लिहीत नाही. आमच्या ग्रुपमधले लोक ही पोस्ट वाचतात.

घरी आल्यावर संध्याकाळी नेहमीसारखी प्रार्थनेला बसले. प्रभूवरचा माझा विश्वास होता तसाच आहे, तो काही हलला नाही. पण रंजनाताईंचं नाव घेतलं आणि पुढे अडले. डोळे उघड, हे म्हणवेना. म्हटलं, आज त्यांच्यासाठी काहीतरी मागू, त्यांना हवं असलेलं... आणि काय मागावं तेच कळेना. भिंतीला भिंत लागून राहतो आम्ही, पण त्यांच्या घरात काय दुखतंय, याचा मला पत्ता नव्हता.

आमेन न म्हणताच उठले आणि त्यांची बेल वाजवली. दारातच विचारलं, तुमच्यासाठी प्रार्थना करायची आहे, काय मागू?

आधी त्या हसल्या. मग चौकटीला हात लावून म्हणाल्या,

"माह्या भावासाठी मागा, ताई. अकोल्याले असते. माह्याशी बोलत नाही तो."

त्यांना भाऊ आहे, हेच मला माहीत नव्हतं.