वाटलं तर दाखव

खर्डीच्या अलीकडे एका संस्थेचं पाहुणेघर आहे. तिथे मी वीस-बावीस वर्षं भाकरी थापल्या. शाळा माझी चौथीपर्यंतची, पण इंग्रजी मला येते आणि ती कुणी शिकवली नाही. ताटं वाढताना कान उघडे ठेवले, खोल्या झाडताना टाकून दिलेली मासिकं घरी नेली, शहापूरच्या बाजारातून एक जुना शब्दकोश आणला. त्याची पानं आता पापडासारखी वाजतात. पाड्यातल्या बाया मला चिडवायच्या, "सरका गो, मडम आली आमची! पाय पडंल अंगावर." मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू, फार आवडायचं.

त्या आवडण्यापायी माझ्या शेजारणीचा डोळा गेला. म्हणून हे लिहायला बसले आहे.

ती आणि मी एकाच वर्षी लग्न होऊन या पाड्यात आलो. तिचा नवरा आधी गेला, माझा नंतर. आता दोघींची दारं समोरासमोर. रानभाजी ओळखावी तर तिनेच. एकसारखी दिसणारी दोन पानं असतात, एक पोटात जातं नि एक पोट धरून लोळवतं. ती चालता चालता वरून बघायची आणि सांगायची, हे घे, ते राहू दे. पावसाळाभर शहापूरच्या बाजारात वाटे लावून बसायची. गिऱ्हाईक डोळे झाकून घ्यायचं.

एका आषाढात तिचा उजवा डोळा लाल झाला. डोकं ठणकायचं, ओकारी यायची, दिव्याभोवती रंगीत कडी दिसायची. सून म्हणाली भगताला दाखवू. भगताने सुपात तांदूळ टाकले, बराच वेळ बघितले, मग सूप बाजूला ठेवलं. "हे देवाचं नाय आनि भुताचंबी नाय. माज्याकडं यावर काय नाय. उद्याच्या उद्या शहापूरला सरकारी दवाखान्यात ने."

सकाळी ती लुगडं नेसून निघालीसुद्धा होती. मी तिला दारात अडवलं. म्हटलं, "तिथं तासन्‌तास रांगेत उभी राहशील. आमच्याकडे विलायतेची डॉक्टरीण उतरलीय. मी बोलते ना तिच्याशी."

डॉक्टरीणबाई सत्तरीच्या होत्या, नोकरीतून निवृत्त झालेल्या, स्वभावाने गोड. त्यांनी माझ्या शेजारणीला व्हरांड्यात खुर्चीवर बसवलं, बॅटरी डोळ्यावर मारून बघितलं, गालावरून हात फिरवला. आधी म्हणाल्या, मी डोळ्यांची डॉक्टर नाही. मग म्हणाल्या, "आय ॲम शुअर शी विल बी ऑल राइट." आणि शेवटी, टॉर्च पर्समध्ये टाकता टाकता, हळूच, "बट शी माइट वॉन्ट टू हॅव इट लुक्ट ॲट."

शेजारीण माझ्या तोंडाकडे बघत होती. मी ऐटीत सांगितलं, "बरा होणार म्हणतात. खात्री आहे त्यांना. आन वाटलं तर कुठं दाखव."

"वाटलं तर?"

"हां, वाटलं तर."

"मंग नाय वाटत," ती हसली. "कोळीची भाजी निघालीय गो. आज-उद्या नाय काढली तर राठ व्हईल." आणि डोक्यावर पदर घेऊन तशीच डोंगराकडे गेली.

महिन्याभराने दुखायचं थांबलं. ती मला सांगत आली, "तुजी मडम खरी निघाली गो, ठणका गेला बघ." दोन दिवसांनी डाव्या डोळ्यात कुसळ गेलं म्हणून तो झाकला, तेव्हा कळलं की उजव्याने काहीच दिसत नाही.

शहापूरला घेऊन गेले. तिथली डॉक्टर माझ्या नातीच्या वयाची. तिने तपासलं आणि मला विचारलं, "इतके दिवस काय करत होतात?" मग म्हणाली, "डोळ्यातला दाब वाढला होता. तेव्हाच आणलं असतं तर वाचवता आला असता. आता हा डोळा परत येणार नाही." इतकंच. बरं होईल नाही, बघू नाही, काही नाही. मला तिचा राग आला. घरी येईपर्यंत कळलं की माझा राग चुकीच्या बाईवर होता.

पुढच्या पावसाळ्यात विलायतेच्या बाई परत आल्या. मी चहा ठेवला आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझा हात धरून म्हणाल्या, "पण मी तर तिला लगेच दाखवायला सांगितलं होतं ना?"

त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांना तसंच आठवत होतं. त्यांच्या मनाने त्यांनी हुकूमच दिला होता. मला जे शुअर ऐकू आलं, तो नुसता मायेने फिरवलेला हात होता. आणि त्या माइटमध्ये पळत जा म्हणणं होतं.

आता सगळ्यात कडू गोष्ट सांगते. मला हे माहीत होतं. वीस वर्षं माहीत होतं. एखादी पाहुणी म्हणायची, "कदाचित मीठ किंचित कमी असतं तर?" मी दुसऱ्या दिवशी निम्मं मीठ टाकायची. कुणी म्हणायचं, "नक्की, पुढच्या वर्षी नक्की येणार, तुझ्या घरी जेवणार," तर मी एक तांदूळही जास्तीचा पाखडला नाही. ज्याला बसची वेळ माहीत असायची तो म्हणायचा बस चारला आहे. ज्याला माहीत नसायची तो म्हणायचा, आय ॲम शुअर, येईलच. या लोकांचं ठाम बोलणं हलकं आणि हलकं बोलणं ठाम, हे मला माझ्या चुलीपाशी पक्कं कळत होतं. मिठाला कळलं, डोळ्याला नाही कळलं. कारण त्या दिवशी मी ऐकत नव्हते. मी इंग्रजी येणारी बाई झाले होते, आणि सोबत आलेल्या पाड्यातल्या चार बाया व्हरांड्याच्या पायरीवर बसून माझ्याकडे बघत होत्या.

आणि राग डॉक्टरीणबाईंचाही येतो, का येऊ नये? माणसाचा डोळा जातोय तिथे गोड बोलून काय मिळवलं? आमचा भगत शाळेत गेला नाही. त्याला येत नव्हतं, तो म्हणाला येत नाही. त्याला तांदूळ टाकून काहीही सांगता आलं असतं.

बाईंना सगळं सांगितलं त्या दिवशी कामावरून थेट शेजारणीच्या ओट्यावर गेले. ती भाजी निवडत होती. पान डाव्या डोळ्याजवळ नेऊन फिरवायची, मग बोटांनी देठ चाचपायची. सून हल्ली तिने आणलेली भाजी उकिरड्यावर टाकते, तोंडावर म्हणते, "आई, एका डोळ्याचं रांधून पोरांना घालू काय?"

"आली ना तुजी मडम?" तिने विचारलं. "काय म्हनली?"

खोटं सांगणार होते. जमलं नाही. म्हटलं, "म्हणते, मी दाखवायला सांगितलं होतं."

"म्हंजे तिनंबी सांगितलं होतं."

"हो."

"आन भगतानंबी."

"हो."

तिने हातातलं पान खाली ठेवलं. "मंग मधी कोन होतं गो?"

टोमणा नव्हता त्यात. ती खरंच विचारत होती. मी म्हटलं, "मी होते."

तिने टोपली माझ्याकडे ढकलली. "हे निवड. आन सुनंला सांग तू निवडलीस म्हून. नायतर रांधायची नाय ती."