सांगलीला गेलो आणि सुई न घेता परत आलो

सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांच्या आया हल्ली मला मेसेज करतात. अमुक शहरात पेशींचा उपचार मिळतो म्हणे, एवढ्या लांब लेकराला न्यावं का, तुम्ही कसं नेलं होतंत? प्रत्येकीला वेगळं लिहिण्यापेक्षा आमचा एक प्रवास इथे लिहून काढते. नव्वदच्या दशकातला, दहिवडीजवळच्या आमच्या गावातून सांगलीपर्यंतचा.

सारिका नुकती पाच वर्षांची झाली होती. जन्मल्यावर ती उशिरा रडली, तिथून सगळं सुरू झालं. तिला बसता येत नव्हतं, मान एका बाजूला कलायची, पाय कात्रीसारखे एकमेकांत अडकायचे. साताऱ्याच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं आणि त्यावर औषध नाही हेही त्याच दमात सांगितलं. नवरा मिलिटरीत. घरी मी, सारिका आणि माझे सासरे. त्यांना मी मामा म्हणायचे. त्यांचा सगळा जन्म मेंढरांमागे गेलेला. सांगलीत बाहेरगावचा एक डॉक्टर महिन्यातून एकदा येतो, जिवंत पेशींची सुई देतो आणि पोरं उठून बसतात, ही बातमी आठवडी बाजारातून त्यांनीच आणली. मी लगेच पिशवी भरायला घेतली. ती बसेल असं कुणी म्हटलं असतं तर मी तिला घेऊन पायीसुद्धा निघाले असते.

थेट एसटी नव्हती. दहिवडीहून मायणीमार्गे विटा, तिथे गाडी बदलून तासगाव आणि मग सांगली. अशा मुलाला घेऊन निघणार असाल तर मागच्या चाकावरची सीट अजिबात घेऊ नका. प्रत्येक खड्ड्याला मुलाचं अंग ताठ होतं. पुढची सीट मागून घ्या, लाज बाजूला ठेवून. मी मागितली. कंडक्टर सारिकाकडे बघून म्हणाला, "आवं बाई, पोरगी मोठी हाय, अर्धं तिकीट पडंल."

"पाडा की. पर शीट पुढची द्या."

"मग बसवा तिला शीटवर. मांडीवर कशाला?"

"तिला बसाय येत न्हाई. त्यासाठीच चाललोय."

 ड्रायव्हरच्या मागच्या दोघांना त्याने स्वतः उठवलं.

विट्याच्या स्टँडवर भाकरी खाल्ली. सारिकासाठी ती दुधात कुस्करून नेली होती. तासगावजवळ रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बेदाण्याच्या शेड होत्या आणि बेदाण्याला देतात त्या गंधकाच्या धुरीचा उग्र वास गाडीत शिरला. मामांनी खिडकीतूनच द्राक्षं घेतली. अख्खं द्राक्ष घशात अडकतं, म्हणून मी एकेक सोलून, बोटाने चिरडून तिला भरवलं. तिला हसू आलं की ते अंगभर येतं, हातपायही हसतात. मामा म्हणाले, "येताना बसून खाईल बघ." मलाही तसंच वाटत होतं, आणि मी ते लपवलं नाही.

रात्री स्टँडजवळच्या लॉजवर राहिलो. खालच्या मजल्यावरची खोली मागा, जिन्याने मूल उचलून कंबर जाते.

सकाळी दवाखान्यात पोचलो तर बाहेर आमच्यासारखीच माणसं बसलेली. कंपाउंडर सगळ्यांना कौतुकाने समजावत होता की या पेशी मेंढीच्या पोटातल्या कोकराच्या असतात, एकदम ताज्या. मामांनी विचारलं, "म्हंजी गाभण मेंढी कापत्यात?"

"त्याशिवाय कशा मिळतील, आजोबा?"

मामा उठून बाहेर गेले. गाभण मेंढीला आमच्यात सुरी लावत नाहीत. दुष्काळात चारा संपला तरी ती पाळणाऱ्यालाच विकायची, खाटकाला नाही. हा नियम त्यांनी जन्मभर पाळलेला. मला वाटलं, आता हे म्हणणार, चला घरी. बऱ्याच वेळाने ते आत आले. डोळे लाल होते.

"पोरी, देऊ दे तिला सुई," ते म्हणाले. "बिरोबाची माफी मी मागतो. ते माझ्यावर सोड."

मग आमचा नंबर आला. डॉक्टर गोड बोलणारा होता. मेलेल्या पेशींची जागा नव्या पेशी घेतात, सुधारणा दिसेल, म्हणाला.

"सुधारणा म्हणजे काय? ती बसेल का?"

"प्रत्येक मूल वेगळं असतं, ताई."

"तुमच्या सुईने बसायला लागलेलं एक मूल सांगा. मी जाऊन बघून येते."

"पेशंटची नावं आम्ही सांगत नाही."

"बरं. रात्री हिला ताप आला, अंगावर काही उठलं, तर कुणाकडे जायचं? तुम्ही तर संध्याकाळी जाणार."

तो हसला. "एवढा विचार करत बसलात, तर मूल असंच राहील."

हे वाक्य मला अजून झोंबतं. पण त्याच वाक्याने माझं ठरलं. ज्याला माझ्या एकाही प्रश्नाचं उत्तर देता येत नव्हतं, त्याच्या हाती मी लेक देणार नव्हते. मी सारिकाला उचलून बाहेर आले.

मामा मागून आले. "मी मन घट करून तयार झालो, आन तू मागं फिरतीस?"

"व्हय मामा. त्येला कायबी ठावं न्हाई."

"तुझी लेक हाय. पर माझीबी नात हाय."

 हट्टाने मी त्यांना तसंच सिटी बसने मिरजेला नेलं. तिथे व्यायाम शिकवणाऱ्या एक बाई होत्या, हे दवाखान्याबाहेर बसलेल्या एका आईकडून कळलं होतं. ही चालेल असं म्हणणार नाही, पण रोज मेहनत घेतलीत तर आधाराने बसेल, असं त्यांनी सरळ सांगितलं. पाय कसे सोडवायचे, उशी कुठे द्यायची, ते मी शिकले. मामा दारात पाठ करून उभे होते. परतीच्या वाटेवर विट्यापर्यंत ते माझ्यापासून लांब, मागच्या सीटवर जाऊन बसले.

घरी आल्यावर रोजचा व्यायाम सुरू झाला. पुढे काही वर्षांनी सारिका आधाराने बसू लागली. चालली मात्र कधीच नाही. मामा गेले, तेव्हाही त्या सुईचा विषय आमच्यात निघाला नव्हता.

हे लिहून झाल्यावर सारिकाला वाचून दाखवलं. ती आता मोठी बाई आहे, व्हीलचेअरवर असते, तिचे शब्द सावकाश येतात आणि मला सगळे कळतात. शेवटपर्यंत तिने ऐकलं. मग म्हणाली, "मी घेतली असती."

मी म्हटलं, "मी आजही दिली नसती."

तिने तोंड फिरवलं. रात्री माझ्या हातून जेवली नाही, आता आमच्यासोबत राहणाऱ्या धाकट्या जावेने भरवलं. तर निघण्याआधी एवढं लक्षात ठेवा, हो म्हणा किंवा नाही म्हणा, लेकरू एक दिवस मोठं होऊन विचारतं. माझं उत्तर कधीचं तयार होतं, आजही तेच आहे.