बुटावरची धूळ

शेजारच्या श्रेयानं गोल मारला आणि ती थेट पास देणाऱ्या मैत्रिणीकडे धावली. वाकून तिनं मैत्रिणीच्या बुटावरची धूळ पुसली.

माझ्या तरुणपणी आफ्रिकेतला एक मोठा फुटबॉलपटू प्रत्येक गोलनंतर असंच करायचा. पुढं क्लबशी भांडणं, आरोप, कोर्टकचेऱ्या झाल्या आणि मी रागानं त्याचं पोस्टर फाडलं.

"कुणाचं बघून करतेस गं हे?"

"सगळ्याच करतात की, काका."

त्याचं नाव ओठांवर आलं होतं. पण तिनं मोबाईलवर शोधलं असतं आणि आधी भानगडीच दिसल्या असत्या. म्हणून एवढंच म्हटलं, "सोडू नकोस."

देणाऱ्यापुढं वाकायला मला त्यानंच शिकवलं होतं. त्याच्यापुढं वाकायचं तेवढं राहून गेलं होतं.