खालच्या रहिवाशांना गाऱ्हाणं

चूक माझीच. मागच्या गल्लीतल्या नव्या टॉवरमध्ये बाविसाव्या मजल्यावरच्या घराची चावी मिळाली, सामान बांधून झालं, आणि ऐंशीच्या घरातले माझे वडील हटून बसले. "तुमी जावा. मी हयसरच रवतलंय." नायगावच्या आमच्या चाळीवर आठवड्यात हातोडा पडणार होता. त्यांनी जरा गप्प बसावं म्हणून मी मोबाइलवर एक व्हिडिओ लावून दिला. परदेशातल्या कुठल्याशा खोल दरीत, कड्याच्या पोटात, एक अख्खं शहर हरवलंय म्हणे. माणसं जमिनीखाली गेली ती गेलीच. दरवाजाही सापडत नाही.

बाबांनी तो चारदा पाहिला. आयुष्य गिरणीच्या साचेखात्यात, मागांवर कापड विणण्यात गेलेलं, त्यामुळे शंका सगळ्या कामाच्या. तिथे पाणी किती वाजता यायचं? वारा कुठून? मग ते गॅलरीत गेले. समोरची चाळ पाडून पार्किंगसाठी खणलेला खड्डा तिथे आ वासून होता.

"हय खाली पण कोणतरी आसतलेच," ते म्हणाले. "तेंका कोणी नोटीस दिल्यान काय?"

मी कपाळाला हात लावला. पण त्यांनी अटच घातली, खालच्यांना गाऱ्हाणं घातल्याशिवाय पाय हलणार नाही. गावी नवं काही करायचं तर जागेच्या राखणदाराला नारळ ठेवून सांगतात आणि जमलेले प्रत्येक वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात, तसं. खाली टेम्पो खोळंबला होता, मी चिडले होते, आणि खरं सांगायचं तर मजाही वाटत होती.

खड्ड्याच्या पत्र्यापाशी आम्ही चाळीतले पंधराएक जण जमलो. साइटवरचा इंजिनिअर आधी "इधर अलाउड नहीं है" म्हणाला, मग हेल्मेट काढून स्वतःच हात जोडून उभा राहिला. आईच्या हातात नारळ.

बाबांनी साच्यांच्या खडखडाटावर चढणारा जुना आवाज लावला. "बा भुयारातल्या म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तुमच्या डोक्यार तीन माळ्यांचा पार्किंग येतला, तेचो राग धरू नकात!"

"व्हय म्हाराजा!" इंजिनिअर सगळ्यांत मोठ्याने.

"रात्रंदिवस हॉर्न वाजतले, तेवडे सोसून घेवा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही आता चांगलेच रंगात आलो होतो. बाबा मात्र थांबले, आणि त्यांचा आवाज एकदम उतरला.

"तुमी खाली गेलात. माका वर धाडतत. बावीस माळे. खिडकीतसून खाली बगूक माका लय भ्या वाटता."

"व्हय म्हाराजा!" आम्ही सवयीने ओरडलो, आणि मग आपण कशाला हो म्हटलं ते कळलं.

 महिनाभर मी या माणसाला हेकट म्हणत होते. मला माझीच लाज वाटली.

आईने नारळ त्यांच्या हातात दिला. "माका पण वाटता," ती म्हणाली. इतक्या वर्षांच्या संसारात आपण घाबरतो हे तिने त्यांना कधी सांगितलं नसावं.

बाबांनी नारळ फोडला. "मगे दोघांची खाट खिडकीपासून लांब लावूया," असं म्हणाले आणि टेम्पोकडे चालू लागले.