पाहुणी आली, हळू बोला

२०२३ साल. मी एकाहत्तर वर्षांचा होतो आणि कानानं जड झालो होतो. पण शाळेतल्या नव्या बाईंचा तो हात मला माझ्या ओसरीवरून दिसायचा. शाळेतल्या शेवग्याखाली पहिलीची लेकरं बसवायची, कानामागं पंजा धरायची आणि म्हणायची, "पाहुणी आली. हळू बोला." लेकरं चिडीचूप. वर फुलांत मधमाशा.

सगळं गाव तिला मॅडम म्हणायचं. मी पोरी म्हणायचो. मी दुसरी शिकलेला, पण जन्म कपाशीत, पऱ्हाटीत गेला. आदिलाबादहून स्कूटीवर येणाऱ्या पोरीनं मला माशी शिकवावी, हे पटलं नाही. आजही पुरतं पटलेलं नाही.

ती यायच्या आधी आमची लेकरं माशी दिसली की चप्पल काढायची. तुमच्याही गावात काढत असतील. हिनं त्यांना माशीच्या पायाला लागलेली पिवळी पूड पाहायला लावली. ती पूड या फुलातून त्या फुलात जाते, म्हणून शेंग धरते, असं सांगितलं. मग दुपारी जेवताना विचारायची, "सांबारातली शेंग कोणी दिली?" लेकरं ओरडायची, "पाहुणीनं!"

पोळा झाल्यावर पहिलीतली माझी नात म्हणाली, "आबा, सकाळी फवारू नको. फूल उघडं रायते. पाहुणी मरते." मी तसाच शाळेत गेलो.

"माह्या वावरात कवा फवाराचं ते मी ठरवीन."

"बरोबर आहे आबा, वावर तुमचंच. पण संध्याकाळी फवारलं तर काय बिघडतं?"

"मजूर सकाळी येते. तुह्या पाहुणीसाठी त्यायले घरी बसवू? आन तिले च्या बी पाजू काय?"

लेकरं हसली. तीही हसली. "चहा नको आबा. उन्हाळ्यात पाणी पाजू."

मी थट्टा केली होती, तिनं ती जपून ठेवली. फाल्गुनात नाला आटला तेव्हा शेवग्याखाली मातीचं पसरट परळ आलं. त्यात खडे घातलेले, माशीला बसता यावं, ती बुडू नये म्हणून. रोज एका लेकरानं पाणी भरायचं. त्यावरून भांडणं व्हायची.

एक दिवस ती मीटिंगला गेली आणि इकडे कुत्र्यानं परळ फोडलं. लेकरांनी आपल्या अकलेनं सोय केली. आमच्या भागात फवारणीच्या औषधाची रिकामी कॅन कोणी फेकत नाही. तोंड कापलं की टमरेल होतं, शेण भरायला होते. तशीच एक कापलेली कॅन कोणीतरी आणली, खडे घातले, पाणी ओतलं.

दुसऱ्या दिवशी शेवग्याखाली माशाच माशा, उताण्या पडलेल्या. एक पोरगी त्यातली एक तळहातावर घेऊन फुंकर मारत होती, उठवायला. मॅडमनं तिचा हात धरला आणि सगळ्या लेकरांना बोअरिंगवर नेलं. साबणानं हात धुतले, पुन्हा धुतले.

संध्याकाळी आईबाप जमले.

"आमची लेकरं जहरात हात घालून राह्यली, आन तुमी माश्या घेऊन बसल्या!"

"तुमचं खरं आहे," ती म्हणाली.

"कॅन कोनी आनली?"

"पाणी ठेवायला मी शिकवलं. मला बोला."

पुन्हा पुन्हा विचारलं. तिनं नाव सांगितलं नाही. माझी नात माझं धोतर घट्ट धरून उभी होती. मी तिला काही विचारलं नाही.

शेवगाच तोडायचा, असं ठरलं. झाड नाही तर माशी नाही. तेवढ्यात तिला वरून फोन आला, उद्यापासून इचोड्याकडच्या शाळेत जा म्हणून. तिनं हेल्मेट घातलं, पुन्हा काढलं, माझ्याजवळ आली.

"आबा, झाडाकडे लक्ष ठेवा."

"मी काऊन ठेवू? मी काय तुहा चपराशी हावो?"

तिनं हात जोडले. गाडी वळून गेली. त्यानंतर ती मला दिसली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घरातलं परळ घेतलं, खडे धुतले, शेवग्याखाली ठेवून पाणी भरलं आणि बुंध्याला टेकून बसलो. कुऱ्हाड घेऊन दोघं आले.

"आबा, उठा. झाड तोडाचं हाये."

"तोडा. मी उठत नाही."

"मॅडम सांगून गेली काय?"

"मले कोनी सांगत नसते!"

दुपारी येतो म्हणून ते गेले.

मग लेकरं आली. मॅडम दिसेना, म्हणून माझ्याभोवती बसली. मी कानामागं पंजा धरला. मला काय ऐकू येणार? मी नातीकडे पाहिलं. तिनं डोळे मिटून बराच वेळ ऐकलं आणि मान हलवली. नाही.

पण कोणी बोललं नाही, कोणी उठलंही नाही.