दुसरा हात

हॉस्पिटलात किस्से जमवावे लागत नाहीत. केसपेपरवर जे लिहिता येत नाही, ते आपोआप मागे साचत जातं.

नव्वदच्या सुमारास मी इंग्लंडहून शिकून पनवेलला परत आले, ती बॅगेत एक तक्ता घेऊन. व्हॅस्क्युलायटिसचा, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या दाहाचा. शरीराची संरक्षक यंत्रणाच रक्तवाहिन्यांवर उलटते. मोठ्या, मधल्या की बारीक, कुठल्या वाहिन्या धरल्या, त्यावरून प्रकार ओळखायचा. इथे कुणी ओळखतच नाही, मी ओळखणार! एसटी स्टँडजवळच्या आमच्या बारा खाटांच्या हॉस्पिटलात मी तो तक्ता ओपीडीच्या भिंतीवर लावला.

तिथल्या जुन्या सिस्टर सुमनताई, उरणकडच्या. त्या म्हणाल्या, "छान हाय. पण तितं देवाचं कॅलेंडर होतं."

*

पहिल्याच आठवड्यात आमचा वॉचमन पायांवर लाल ठिपके घेऊन आला. मी हरखले. बारीक वाहिन्या! रक्त, लघवी, सगळ्या तपासण्या लिहिल्या.

सुमनताई वाकून बघत म्हणाल्या, "डॉक्टर, ठिपके लायनीत हायत."

"मग?"

"मग काय! ढेकूण लायनीत चावतात. याची खाट उन्हात टाका."

*

गव्हाणची वंदना त्याच सुमारास आली. बावीस वर्षांची, पहिलटकरीण, पाचवा महिना. थकायची, चक्कर यायची. सुमनताईंनी बीपी घेतलं. नव्वद-साठ.

त्यांचे वडील गावात वैद्यकी करायचे. पुरुषाची नाडी उजव्या हाताची, बाईची डाव्या, ही त्यांची रीत. सुमनताई बीपीचा पट्टाही त्याच रीतीने बांधायच्या. मला मौज वाटली. 'बीपी कमी' असं लिहून रोज तीनदा मीठ-लिंबू-पाणी सांगितलं.

सासू हसली. "आमी मिठागरवाले! मीठ सांगाया पनवेलला बोलावलंत?"

वंदना जाता जाता म्हणाली, "कापडं पिळताना डावा हात मरतो माजा."

"दिवस गेले की होतं असं," मी म्हटलं. बाहेर रांग होती.

*

नेऱ्याची सात वर्षांची मुलगी पोट धरून तळमळत होती. अपेंडिक्स म्हणून सर्जन हात धुवायला गेले होते. मी चादर वर केली. पोटऱ्यांवर जांभळे डाग, घोटे सुजलेले. जवळ सर्जनसाहेबांच्या चहाचा रिकामा ग्लास होता. तो डागावर दाबला. काचेखालीही डाग फिका होईना! म्हणजे रक्त वाहिनीबाहेर झिरपलेलं. हा बारीक वाहिन्यांचाच आजार, मुलांमध्ये दिसणारा. आतड्यालाही तोच दाह.

"थांबा! कापू नका!"

सर्जन ओले हात वर धरून आले, वाकून डाग बघितले. मग म्हणाले, "दोन दिवस थांबतो. पोट बिघडलं तर तुमचं ऐकणार नाही."

दोन दिवस मी तिच्या खाटेपासून हलले नाही. तिसऱ्या दिवशी पोरीने पेज मागितली. साहेब म्हणाले, "माझा ग्लास तेवढा बदला!"

*

एक शाळामास्तर पाच महिने क्षयाची औषधं घेत होते. खोकल्यातून रक्त थांबत नव्हतं. मला त्यांचं नाक दिसलं. मधोमध खचलेलं, आत रक्ताच्या खपल्या. लघवी तपासली, तर तिथेही रक्त. नाक, फुप्फुस आणि मूत्रपिंड, तिन्ही एकदम! रक्त मुंबईला पाठवलं. संशय खरा ठरला: क्षय नव्हे, हाही रक्तवाहिन्यांचाच दाह.

मास्तर शांतपणे म्हणाले, "म्हणजे पाच महिने मी चुकीच्या विषयाचा अभ्यास केला!"

त्या दिवशी मी तक्त्याखाली उभी राहून स्वतःवर फार खूश होते.

*

दोन महिन्यांनी वंदनाला रिक्षातून आणलं. डोकं फुटत होतं. "डोल्यांपुडं धूर हाय," एवढंच म्हणत होती. बीपी पंच्याऐंशी.

"लो हाय. सलाइन?" सुमनताईंनी बाटली टांगली.

शीर शोधायला मी तिचं डावं मनगट धरलं. नाडी लागेना. बोटं सरकवली. नाहीच. पण बाई तर बोलत होती!

"दुसरा हात!"

उजव्या मनगटात नाडी उसळत होती. पट्टा बांधला. दोनशे-एकशेवीस.

"मशीन बिगडली आसंल," सुमनताई पुटपुटल्या. दुसरं मशीन आणलं. तेच.

तक्त्याची पहिलीच ओळ: मोठ्या धमन्या, तरुण स्त्रिया, हातातली हरवलेली नाडी. डाव्या हाताची धमनी बुजत आलेली, म्हणून तिथलं बीपी खोटं; आणि हिला मी दोन महिने मीठ पाजत होते.

सासूने विचारलं, "मीठ-पानी देऊ ना?"

"एक कण नको!"

ॲम्ब्युलन्स मुंबईकडे निघाली. बीपी उतरवायचं औषध माझ्या हातात, वंदनाचं उजवं मनगट सुमनताईंच्या. वाशीच्या पुलावर वंदनाने विचारलं, "बाल हाय ना?"

सुमनताईंनी मनगट न सोडता दुसरा हात तिच्या पोटावर ठेवला.

*

पाच महिन्यांनी वंदना ओपीडीच्या दारात उभी राहिली. बारीक झालेली. कडेवर मुलगी, महिने पुरे व्हायच्या आधी जन्मलेली, मूठभर. मी काही म्हणायच्या आत वंदनाने आपले दोन्ही हात सुमनताईंपुढे केले.

सुमनताईंनी ते बघितलेच नाहीत. पोरीला घेऊन टेबलावर ठेवलं, डोळे मिटले आणि तिच्या दोन्ही चिमुकल्या दंडांच्या आतल्या बाजूला, नाडीवर, एकेक बोट टेकवलं. 

"दोनीकडं हाय!"